पहिला घाणा : घरच्या साबणाची कृति व हिशेब

शेतकऱ्याच्या घरांत विकत येणाऱ्या जिनसांची यादी करावयास बसलें म्हणजे मीठ व काडेपेटी यांच्या पाठोपाठ साबणाचें नांव येतें. मीठ समुद्रकांठीं होतें, तें आपल्या शेतांत पिकत नाहीं. परंतु साबणाचें मूळ द्रव्य जें तेल, तें आमच्या वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतूनच निघतें. कापूस आम्ही पिकवावा, सरकी गिरणीनें न्यावी, तिचें तेल काढावें, तें तेल शुद्ध करितांना जो गाळ उरतो त्याचा धुण्याचा साबण व्हावा, आणि तोच रंगीत कागदांत गुंडाळून आमच्याच गांवच्या दुकानीं आम्हांस विकत मिळावा, असा हा फेरा आहे. ह्या फेऱ्यांतील एक वळसा तरी घरच्या घरीं पुरा करतां येईल काय, हा प्रश्न आमच्या कौंडण्यपुरांतील दहा बायांच्या एका बचत गटानें यंदा मनावर घेतला. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेलों, तेव्हां वजनमापें व नोंदवही संभाळण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या नोंदवहीच्या आधारें हा लेख लिहीत आहों.

गटाच्या पेटींतील पैसा म्हणजे निंदण-वेचणीच्या मजुरींतून आठवड्यागणिक बाजूस टाकलेला पैसा. तो तेलांत व खारांत घालून वाया गेला असता तर पुढें कोणत्याहि नव्या कामास घरची पुरुष मंडळी परवानगी देती ना. म्हणून पहिला घाणा लहान, केवळ एक किलो तेलाचा करावा, परंतु त्यांतील प्रत्येक जिन्नस तोलून घ्यावा व प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी, असें आरंभींच ठरलें.

पूर्वीची रीत

साबण आपल्याकडे नवा आला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. अंगास डाळीचें पीठ व उटणें, केसांस शिकेकाई व रिठा, रेशमी वस्त्रास हिंगणबेट, आणि जाड्याभरड्या धुण्यास राखेचें अथवा पापडखाराचें पाणी, ही आमच्या आज्यांची रीत होती. गांवचे वरठी खाराच्या पाण्यांत कपडे भिजवून भट्टी लावीत. परंतु खऱ्या साबणाचें सामानहि वऱ्हाडांत होतें. अकबर बादशहाच्या कारकीर्दींत सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी' ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन आहे. त्यांत मेहकराकडील लोणार सरोवराविषयीं लिहितांना कांच व साबण करण्यास लागणारें द्रव्य येथें मिळतें व त्यापासून सरकारास चांगला वसूल येतो, असें नमूद केलें आहे. लोणारच्या खाराच्या डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा निरनिराळ्या जाती पूर्वीं बाजारांत ओळखल्या जात. आतां मात्र तें सरोवर सन २००० पासून अभयारण्य व सन २०२० पासून रामसर यादींतील पाणथळ स्थान आहे. तेथील खार काढण्याचा विचारहि कोणीं मनांत आणूं नये. सांगण्याचा हेतु इतकाच कीं, खार व तेल यांचा मेळ घालण्याची विद्या ह्या मुलखास परकी नाहीं.

आमच्या गांवाचा शेजारहि ह्या बाबतींत चांगला आहे. वर्धा नदी ओलांडली कीं वर्धा जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यांत, वर्धा शहरांतील मगनवाडींत, सन १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें होतें. कुमारप्पांच्या देखरेखीखालीं तेलघाणी, हातकागद, मधमाशा व साबण अशा धंद्यांचा विचार तेथें झाला, आणि सन १९३८ सालीं तेथें मगन संग्रहालय उघडलें. पुढें सन १९५७ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला, तेव्हां निंबोळी, करंज, मोह इत्यादि तेलांच्या साबणाचा धंदा ग्रामोद्योगांत गणला गेला. मोठ्या कारखान्यांचा इतिहासहि लक्षांत घेण्यासारखा आहे. विलायती साबणांत जनावरांची चरबी असे. ती टाळून केवळ वनस्पतींच्या तेलाचा अंगाचा साबण आर्देशर गोदरेज यांनीं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास मुंबईंत करून दाखविला. म्हणजे चरबीवांचून चांगला साबण होतो, हें सिद्ध होऊन शंभर वर्षें झालीं.

तेल व खार यांचें लग्न

साबण म्हणजे काय, हें समजल्यावांचून कृतीस हात घालूं नये. तेलाच्या प्रत्येक कणांत तीन स्निग्धाम्लें एका ग्लिसरिनास बांधलेलीं असतात. दाहक सोडा, म्हणजे बाजारांतला कॉस्टिक सोडा, पाण्यांत विरघळवून तेलांत मिसळला कीं हें बंधन सुटतें. अम्लें सोड्याशीं संयोग पावून साबण होतात व ग्लिसरिन मोकळें होतें. शव्रल नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें सन १८२३ सालीं ह्या गोष्टीचा उलगडा ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. तोंपर्यंत साबण करणारे शेंकडों वर्षें केवळ अनुभवानें करीत आले होते. तयार साबणांत दाहक सोडा उरत नाहीं, मात्र त्यासाठीं तेल व सोडा यांचें प्रमाण बरोबर पाहिजे. सोडा अधिक झाला तर वडी कातडी जाळते, कमी झाला तर तेल सुटें राहून वडी मऊ व खवट होते. सगळी विद्या ह्या एका प्रमाणांत आहे.

हें प्रमाण प्रत्येक तेलास निराळें असतें. शंभर ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण होण्यास दाहक सोडा सुमारें किती लागतो, तें पुढें दिलें आहे.

खोबरेल तेल : १८.३ ग्रॅम
सरकीचें तेल : १३.८ ग्रॅम
भुईमुगाचें तेल : १३.६ ग्रॅम
तिळाचें तेल : १३.४ ग्रॅम
एरंडेल तेल : १२.८ ग्रॅम

निंबोळी, करंज अथवा मोह यांचें तेल वापरावयाचें असल्यास विकणाऱ्याकडून त्या मालाचा साबणांक विचारून घ्यावा. साबणांकास १४ नें भागिलें कीं शंभर ग्रॅम तेलास लागणाऱ्या सोड्याचे ग्रॅम निघतात. उदाहरणार्थ, साबणांक १९३ असेल तर १३.८ ग्रॅम. ही त्रैराशिकाची गोष्ट आहे, चौथी शिकलेल्या मुलीसहि ती करतां येते.

साहित्य

आमच्या पहिल्या घाण्यास पुढील जिन्नस घेतले.

सरकीचें शुद्ध केलेलें तेल : ५०० ग्रॅम
खोबरेल तेल : ४०० ग्रॅम
एरंडेल तेल : १०० ग्रॅम
दाहक सोडा : १४७ ग्रॅम
पाणी : ३४० ग्रॅम

सोड्याचा हिशेब असा. सरकीस ६९, खोबरेलास ७३.२ व एरंडेलास १२.८ मिळून १५५ ग्रॅम सोडा पूर्ण साबणास लागतो. त्यांतून शेंकडा ५ कमी केला कीं १४७ ग्रॅम राहतो. हा पांच टक्क्यांचा वर्तावा मुद्दाम ठेवावयाचा असतो. त्यामुळें थोडें तेल सुटें राहून कातडीस मऊपणा येतो, आणि वजनांत गुंजभर फरक पडला तरी सोडा अधिक होत नाहीं.

तीन तेलें कां घेतलीं, हें विचारणें साहजिक आहे. खोबरेलानें साबण कठीण होतो व फेंस भरपूर येतो, परंतु एकट्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी पाडतो. एरंडेलानें फेंस टिकतो व मिश्रण लौकर दाट होतें. सरकीचें तेल स्वस्त, आपलें व मवाळ आहे, परंतु त्यास खवट होण्याची खोड आहे. म्हणून तें निम्म्याहून अधिक घालूं नये, व असा साबण सहा महिन्यांत वापरून टाकावा. घाण्याचें कच्चें सरकीचें तेल त्यांतील गॉसिपॉल नांवाच्या द्रव्यामुळें काळपट-तांबडें असतें. पहिल्या घाण्यास तें घेऊं नये, साबण काळा होतो व दोष कोणता हें नवशिक्यास कळत नाहीं.

पाणी हा जिन्नस क्षुल्लक समजूं नये. चुनखडीच्या विहिरीचें पाणी साबणाशीं संयोग पावून दह्यासारख्या कण्या होतात व फेंस मरतो. पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांतील बंधूंना ह्याचा अनुभव रोजचा आहे. सोडा विरघळविण्यास आम्ही बाजारांतील ऊर्ध्वपातित पाणी घेतलें. पावसाळ्यांत स्वच्छ भांड्यांत धरून गाळून ठेवलेलें पावसाचें पाणीहि चालेल.

दाहक सोडा घेतांना डबी बंद व आंतील माल कोरडा असल्याची खातरी करावी. आम्हांस प्रथम मिळालेल्या डबींतील कण ओल सुटून एकमेकांस चिकटले होते. असा सोडा हवेंतील ओल व कर्बवायु शोषून अंशतः धुण्याचा सोडा झालेला असतो. धुण्याच्या सोड्यानें तेलाचा साबण होत नाहीं, म्हणून वजन बरोबर भरूनहि प्रमाण चुकतें. ती डबी दुकानदारास परत करून दुसरी आणली.

भांडीं पोलादाचीं घ्यावीं. आमच्याकडील स्टीलचा गंज उत्तम. ॲल्युमिनियमचें भांडें मुळींच वापरूं नये. दाहक सोडा तें खातो व त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो. तोलण्यास एक ग्रॅम दाखविणारा कांटा, एक उष्णतामापक, ढवळण्यास लाकडी चाटू, आणि ओतण्यास आंतून कागद लावलेली लाकडी पेटी, एवढें पुरे. हीं भांडीं पुन्हां स्वयंपाकास घेऊं नयेत.

सावधगिरी

हा भाग कोणीं वाचल्यावांचून पुढें जाऊं नये. दाहक सोडा डोळ्यांत गेला तर दृष्टि जाते, कातडीवर पडला तर मांस जळतें, पोटांत गेला तर जीवावर बेततें. म्हणून लांब बाह्यांचें अंगवस्त्र, रबरी हातमोजे व डोळ्यांवर बंद चष्मा घातल्यावांचून डबी उघडूं नये. पदर खोंचून घ्यावा. काम मोकळ्या ओसरीवर करावें, त्या वेळीं लहान मुलें, म्हातारीं माणसें व जनावरें जवळ नसावीं. पाण्याची भरलेली बादली हाताशीं असावी. सोडा अंगावर पडल्यास तत्काळ वाहत्या पाण्यानें निदान वीस मिनिटें धुवावें, त्यावर लिंबू अथवा सिरका चोळूं नये. डोळ्यांत गेल्यास धुतां धुतांच दवाखाना गांठावा. पोटांत गेल्यास ओकारी काढूं नये, तसेंच दवाखान्यांत न्यावें.

सोडा नेहमीं पाण्यांत टाकावा, पाणी सोड्यावर कधींहि ओतूं नये. उलट केल्यास द्रव उसळून तोंडावर येतो. गटांतील प्रत्येक बाईकडून हें वाक्य आम्ही तीन वेळां म्हणवून घेतलें.

कृति

रंगपंचमीच्या दिवशीं सकाळीं काम सुरू केलें. आधीं मोजलेल्या पाण्यांत सोडा थोडा थोडा टाकून लाकडी काठीनें ढवळला. पाणी आपोआप तापून वाफा निघूं लागल्या. त्या नाकांत जाऊं नयेत म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूस कोणीं उभें राहूं नये. हा द्रव प्रथम गढूळ असतो, मग निवळतो. तो झांकून निवत ठेवला. इकडे तिन्ही तेलें एका गंजांत एकत्र करून किंचित् कोमट केलीं. दोहोंची उष्णता ४० अंशांच्या आसपास आल्यावर सोड्याचें पाणी बारीक धारेनें तेलांत सोडलें व एकसारखें ढवळण्यास आरंभ केला.

येथें धीर पाहिजे. पहिलीं वीस मिनिटें तेल व पाणी निराळींच दिसत होतीं, आणि बघ्यांपैकीं दोघां-तिघांनीं माना हलविल्या. तिसाव्या मिनिटास मिश्रण अपारदर्शक होऊन पिवळसर दिसूं लागलें. पन्नासाव्या मिनिटास चाटूवरून पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर तशीच राहूं लागली. पातळ पिठल्यावर पळींतून धार सोडली कीं जसा माग राहतो, तसाच हा माग असतो. माग उमटला म्हणजे तेल व पाणी पुन्हां निराळीं होणार नाहींत, हें समजावें. सुवास हवा असल्यास ह्याच वेळीं घालावा. आम्हीं घातला नाहीं, कारण पहिल्या घाण्याची पारख बिनवासाचीच नीट होते.

मग मिश्रण पेटींत ओतून, पेटी दोनदां आपटून आंतील हवा काढली, आणि वर फळी ठेवून गोणपाटांत गुंडाळली. आंत रसायनक्रिया चालू असतां ऊब सुटते व मधला भाग कांहीं काळ गडद दिसतो, त्यास भिऊं नये. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं लगदा खव्याच्या ढेपेसारखा घट्ट झाला होता. हातमोजे घालूनच त्याच्या तारेनें बारा वड्या पाडल्या. पृष्ठभागावर पांढरी भुकटी आली तर ती हवेच्या स्पर्शानें झालेला धुण्याचा सोडा होय, खरवडून टाकावी.

उरलेलें सोड्याचें पाणी व भांड्यांचें धुवण नदींत अथवा गुरांच्या हौदाजवळ टाकूं नये. भरपूर पाणी घालून सौम्य करून वस्तीपासून दूर, जेथें गुरें जात नाहींत अशा खड्ड्यांत मुरवावें.

सहा आठवडे

वड्या झाल्या त्या दिवशींच शेजारच्या एका आजींनीं विचारलें, “बापूजी, हा साबन आंगाले लावला तं भाजन का?” आम्हीं सांगितलें, “आजी, आज लावला तं भाजन. अखजीले लावसान तं नाही भाजनार.” रंगपंचमीपासून अक्षय तृतीयेपर्यंत सहा आठवडे होतात. तेवढा काळ वड्या हवेशीर सावलींत, एकमेकींस न लागतील अशा, फळीवर मांडून ठेवाव्यात व आठवड्यास एकदां उलटाव्यात. ह्या मुदतींत उरलासुरला सोडा तेलाशीं मिळून जातो, पाणी उडतें व वडी कठीण होते. घाई केल्यास साबण तिखट लागतो व पाण्यांत लौकर विरघळून जातो.

आमच्या नोंदवहींत सर्व वड्यांचें मिळून वजन असें उतरलें : कापतांना १,४७० ग्रॅम, पहिल्या आठवड्यानें १,४२५, दुसऱ्यानें १,३९०, चौथ्यानें १,३४५, व सहाव्यानें १,३२० ग्रॅम. शेवटीं वजन घटणें जवळजवळ थांबलें, हीच वडी पिकल्याची एक खूण.

पारख करण्यास हळदीचा उपयोग नाहीं. हळदीच्या डागास साबण लागला कीं तो लाल होतो, हें प्रत्येक बाईस ठाऊक आहे, परंतु चांगला साबणहि मुळांत खारटच असल्यानें त्याच्यानेंहि हळद लाल होते. शाळेच्या प्रयोगशाळेंत मिळणारा अम्लखार कागद घ्यावा. साबणाच्या पाण्यांत तो बुडविल्यावर ९ ते १० च्या दरम्यान खूण आली तर ठीक, ११ च्या वर आली तर ती वडी अंगास लावूं नये. आमच्या वड्यांची खूण १० च्या आंत आली. अक्षय तृतीयेस गटांतील सर्व बायांनीं प्रथम मनगटाच्या आंतल्या बाजूस थोडा लावून पाहिला, दुसऱ्या दिवशीं हात धुतले. नदीच्या पाण्यांत फेंस चांगला आला, विहिरीच्या पाण्यांत बेताचा. आजींनींहि हात धुतले, आणि एक वडी पदरांत बांधून नेली.

हिशेब

भाव रोज बदलतात, म्हणून आम्ही हिशेब वजनांत देतों. वाचकांनीं आपापल्या बाजारचा भाव लावून घ्यावा. एक किलो तेल, १४७ ग्रॅम सोडा, दोन माणसांचे दोन तास, आणि वाळवणीची जागा, एवढ्यांत १,३२० ग्रॅम पिका साबण झाला. घरची बाई राबली म्हणून तिची मजुरी शून्य धरणें ही हिशेबांतील लबाडी आहे. निंदणाच्या दिवसास जी मजुरी मिळते, तिच्या प्रमाणांत दोन तासांचा आकार खर्चांत लिहावाच. तो लिहून जर साबण बाजारापेक्षां महाग पडत असेल, तर विक्रीच्या नादीं लागूं नये, घरापुरता करावा. एका माणसानें दहा किलोचा घाणा केला तर तास दसपट लागत नाहींत, हेंहि लक्षांत ठेवावें.

भावाची तुलना मात्र सारख्याशीं सारख्याची करावी. बाजारांतील वेष्टनावर 'टीएफएम' म्हणून आंकडा छापलेला असतो, तो म्हणजे साबणांतील एकंदर स्निग्धांश होय. भारतीय मानकाप्रमाणें अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतींत तो निदान ७६, दुसरींत ७० व तिसरींत ६० टक्के पाहिजे. ज्यावर स्नानाची वडी असें लिहिलेलें असतें, तिच्यांत ४० टक्क्यांवरहि भागतें. स्वस्त वडीचें वजन पुष्कळदां मातीनें व भरतीच्या द्रव्यानें भरलेलें असतें. आमच्या घाण्याचा स्निग्धांश हिशेबानें ७० टक्क्यांच्या आसपास येतो. परंतु प्रयोगशाळेंतून तपासल्यावांचून असा आंकडा कोणीं वडीवर छापूं नये. कारखानदार जें ग्लिसरिन काढून निराळें विकतात, तेंहि घरच्या साबणांत जागच्या जागीं राहतें.

शेतकऱ्यास उपयोगी असा आणखी एक हिशेब. एक क्विंटल कापसांत सुमारें एक तृतीयांश रुई व दोन तृतीयांश सरकी निघते. पासष्ट किलो सरकी धरली व शंभरांत दहा भाग तेल धरलें तर साडेसहा किलो तेल झालें. वरील प्रमाणानें त्याचे तेरा घाणे, म्हणजे सतरा किलो साबण होतो, आणि ढेप जनावरांस उरते ती निराळीच. खोबरेल व एरंडेल विकत घ्यावें लागेल खरें, परंतु एरंड धुऱ्यावर लावण्यास कोणाची आडकाठी आहे?

विक्री करूं इच्छिणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अंगाचा साबण विकण्याकरितां करावयाचा तर सन १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याखालीं परवाना लागतो. परवान्यावांचून यात्रेंत दुकान मांडूं नये. आमच्या गांवीं रुक्मिणीमातेच्या दर्शनास कार्तिकांत मोठी यात्रा भरते, व माल खपेल हा मोह मोठा आहे. परंतु दहा बायांच्या नांवास एका दंडानें बट्टा लागावा, हें आम्हांस मान्य नाहीं. गटानें आधीं अर्ज करावा, मग विक्री, असें ठरलें आहे.

धुऱ्यावरची वडी

पहिला घाणा साधला. आतां ह्या साबणाचें पहिलें काम कोणतें, ह्याविषयीं गटांत दोन मतें पडलीं. कांहींचें म्हणणें, घरोघरीं एकेक वडी वांटून घ्यावी. परंतु एका बाईनें, जिचा नवरा दुसऱ्याच्या शेतांत फवारणीस जातो, निराळीच गोष्ट काढली. ती म्हणाली कीं, फवारणी करून आलेला माणूस शेतांतच भाकर सोडतो, आणि शेतांत पाणी असतें पण साबण नसतो.

हें ऐकून सर्वच गप्प झाले. सन २०१७ च्या हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट वऱ्हाडांत कोणी विसरलेला नाहीं. साबण हें विषावरचें औषध नव्हे. तोंडावर फडकें, अंगभर कपडा, हातमोजे, वाऱ्याची दिशा पाहणें, उन्हाच्या भरांत फवारणी न करणें, औषधांचें मनास येईल तसें मिश्रण न करणें, हे नियम पाळलेच पाहिजेत, आणि भोंवळ, ओकारी, डोळ्यांपुढें अंधारी असें कांहीं झालें तर डबीसह दवाखाना गांठला पाहिजे. परंतु पुष्कळसें औषध कातडीवाटे अंगांत शिरतें व उरलेलें बोटांवाटे भाकरीबरोबर पोटांत जातें. तें केवळ पाण्यानें धुतलें जात नाहीं, कारण पुष्कळ औषधें तेलकट असतात. तेलकट पदार्थ कातडीवरून सोडविणें, हेंच तर साबणाचें काम आहे.

म्हणून गटानें ठरविलें कीं, पहिल्या घाण्याच्या बारा वड्यांपैकीं उरलेल्या सर्व वड्या फवारणीच्या हंगामाकरितां राखून ठेवाव्यात, आणि आषाढापूर्वीं आणखी चार घाणे करून गांवांतील प्रत्येक फवारणी करणाऱ्यास एकेक वडी व पांच लिटर पाण्याचा डबा द्यावा. त्याची किंमत शेतमालकाकडून घ्यावी, मजुराकडून घेऊं नये. मालकांपैकीं कित्येकांनीं ती आनंदानें देऊं केली आहे, कांहींनीं अद्याप दिलेली नाहीं.

आमच्या संघाच्या सभासदांस आमची विनंति आहे कीं, आपापल्या गांवीं हा प्रयोग अवश्य करावा. साबण घरीं न केला तरी हरकत नाहीं, विकतचा आणावा. परंतु मजुरीचा हिशेब लिहितांना बियाणें, खत, औषध यांच्या खालीं एक ओळ साबणाचीहि लिहावी. ज्या धुऱ्यावर औषधाची डबी जाते, त्या धुऱ्यावर साबणाची वडी गेलीच पाहिजे. करूं इच्छिणाऱ्यांनीं फाल्गुन-चैत्रांत आरंभ करावा, म्हणजे कोरड्या हवेंत वड्या नीट पिकतात व मृगापूर्वीं हातीं येतात. पावसाळ्यांत केलेली वडी ओल धरते. पहिला घाणा एका किलोहून मोठा घालूं नये, कांट्यावांचून सोडा मोजूं नये, आणि नोंदवही कोरी ठेवूं नये.